मदत हवी आहे : कोथरूडचा रिसेल फ्लॅट, विसार दिला, बँक अडली

मधुरा_पौडरोड :
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. कोथरूडला रिसेलचा टू बीएचके घेतोय, ९६ लाखांना ठरलाय. दोन लाख विसार देऊन झाला. दसऱ्याच्या आत, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ पर्यंत साठेखत (विक्रीचा करार) करायचं आहे. मालकांना पितृपक्षात सही नको, त्यामुळे घटस्थापनेनंतर मिळतील तेवढेच दिवस हातात. आणि आता बँकेने फाइल थांबवली. वकिलांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे एवढंच सांगतात. एजंट म्हणतो बँक बदला. सेक्रेटरी काकांना भेटलो, ते म्हणाले फ्लॅट लवकरच यांच्या नावावर होईल, सोसायटीची काही हरकत नाही.
जुन्या इमारतीला कोणती बँक पटकन कर्ज देते? ज्यांनी हल्लीच घेतलंय त्यांनीच सांगा प्लीज.

कर्वेनगरकर :
आमची इमारतही पस्तीस वर्षांची. बँक इमारतीचं उरलेलं आयुष्य आणि कर्जाची मुदत यांचा मेळ घालते. आम्ही मुदत वीसवरून पंधरा वर्षांवर आणली आणि कर्ज मिळालं. सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट घ्या. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करावं असं सोसायटीच्या उपविधींतच (नियमांत) आहे. आणि सहकारी बँकेत जा. त्यांना इथल्या गल्ल्या माहीत असतात, मोठ्या बँकांसारखं वाटेल ते कागद मागत बसत नाहीत.

रानवारा :
कितवा मजला? लिफ्ट आहे? पार्किंग कुणाच्या नावाने आहे? कार्पेट, म्हणजे आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती? एजंट सांगतो तो आकडा सेलेबल, म्हणजे जिना-भिंती धरून वाढवलेला असतो, जुन्या करारातला कार्पेट बघा आणि मग दर काढा. ९६ लाखांत बावधनला नाहीतर वारज्याला नव्या इमारतीत पार्किंगसकट मिळेल. कोथरूडच्या नावाचे पैसे देताय तुम्ही.

आजोळ_कोथरूड :
रानवारा, प्रत्येक धाग्यावर तुमचं बावधन असतंच. वनाझची मेट्रो २०२२ च्या मार्चपासून चालू आहे, शाळा, दवाखाने, मंडई सगळं पायी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन राहायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे. मधुराताई, घ्या बिनधास्त. शिवाय इकडे एकेक करून सगळ्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातायत. आज साडेसहाशे फुटांचा फ्लॅट घ्याल, उद्या मोठा मिळेल.

रानवारा :
उद्या म्हणजे कधी? आमच्या मावशीच्या इमारतीत बिल्डर नेमल्यावरही सभासदांची भांडणं मिटली नाहीत. पुनर्विकास होईल हे धरून कुणी जास्त भाव देऊ नये. निम्म्याहून जास्त सभासदांची संमती झाली तरी पुढे करार, भाडं, बँक गॅरंटी, मंजुरी हे सगळं असतं.

जुना_कारकून :
नोंदणी खात्यात आयुष्य गेलं म्हणून विचारतो. "लवकरच यांच्या नावावर होईल" असं सेक्रेटरी म्हणाले. मग आज कुणाच्या नावावर आहे?

मधुरा_पौडरोड :
मालकांच्या आईच्या नावावर आहे. त्या गेल्या वर्षी वारल्या. मुलगा नॉमिनी आहे, सगळं तेच बघतात. विसारही त्यांच्याच खात्यात दिलाय. माझा प्रश्न बँकेबद्दल होता.

जुना_कारकून :
तुमचा प्रश्न बँकेचा नाहीच. बँकेच्या वकिलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिची मुलं, मुली आणि नवरा, सगळ्यांना सारखा हिस्सा. आता सांगा : मृत्युपत्र आहे का? भावंडं किती? वडील आहेत का? आणि तोपर्यंत एक रुपयाही पुढे देऊ नका.

कर्वेनगरकर :
उगीच घाबरवू नका हो. आमच्याही इमारतीत आई गेल्यावर नॉमिनी मुलाच्या नावाने शेअर सर्टिफिकेट झालं, त्याने विकलं, कुणी काही म्हटलं नाही. नॉमिनीच्याच नावे करायचं असं सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय.

जुना_कारकून :
तो २०१६ चा इंद्राणी वाही निकाल, तोही पश्चिम बंगालच्या सहकार कायद्याखालचा. तो पूर्ण वाचा. सोसायटीने नॉमिनीच्या नावे नोंद करावी एवढंच त्यात आहे, बाकीच्या वारसांना आपला हक्क कोर्टात मागायची वाट मोकळीच ठेवली आहे. आपल्याकडे तर २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात कलम १५४ब-१३ आलं. त्यात नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलंय. वारस ठरेपर्यंतच. तुमच्या इमारतीत कुणी हरकत घेतली नाही हे त्या कुटुंबाचं सुदैव. हरकत आली असती तर विकत घेणाऱ्याला झेपलं नसतं.

मधुरा_पौडरोड :
मृत्युपत्र नाही. मुलगा आणि मुलगी, दोघंच. मुलगी अमेरिकेत असते, ती सही करेल असं दादा (तिचा भाऊ) म्हणाले. वडील आहेत, ऐंशीच्या पुढचे. पण फ्लॅट आईचाच होता, त्यांनी नोकरी करून घेतलेला, १९९४ साली. वडिलांचा काय संबंध?

जुना_कारकून :
वर लिहिलंय ना. नवराही वारस. तीन हिस्से, तीन सह्या.

सदाफुली :
मधुरा, एक विचारते. फ्लॅटमध्ये आत्ता कोण राहतंय?

मधुरा_पौडरोड :
वडील राहतात. व्यवहार झाला की मुलाकडे हडपसरला जाणार आहेत. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा ते आतल्या खोलीत होते, बोलणं झालं नाही.

सदाफुली :
मग सगळ्यात आधी त्यांच्याशी बोला. मुलगा समोर नसताना, शांतपणे. कायदा बाजूला ठेवला तरी त्या माणसाने बायकोसोबत तिथे तीस वर्षं काढली आहेत. त्यांना घर सोडायचंय की नाही हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

कोकणमेवा :
याच विषयातलं म्हणून विचारतो. रत्नागिरीजवळ आमची सामाईक जमीन आहे, सात-बाऱ्यावर अकरा नावं. त्यातली चार जण विकायला तयार आहेत. एक काकू मुंबईत आहेत त्या फोन उचलत नाहीत. काय करावं?

जुना_कारकून :
कोकणमेवा, त्यासाठी वेगळा धागा काढा, वाटपाचा विषय मोठा आहे. आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण घेणाऱ्याला ठरावीक तुकडा मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आकडेवाली :
मी करसल्लागार आहे. मुलगी अमेरिकेत म्हटल्यावर कुणी टीडीएसचं (विकणाऱ्याला पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. मधुरा, त्या तिथे कायमच्या राहतात का? नागरिकत्वापेक्षा करासाठी त्या अनिवासी आहेत का, हे महत्त्वाचं.

मधुरा_पौडरोड :
पंधरा-वीस वर्षं तिथेच आहेत. पण प्रत्येकाच्या वाट्याला ३२ लाख येतात. ५० लाखांच्या खाली टीडीएस नसतो असं एजंटने सांगितलं.

आकडेवाली :
एजंट जुनं सांगतोय, आणि तेही अर्धंच. विकणारे निवासी असतील तर १ टक्का. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विकणाऱ्यांची रक्कम एकत्र धरतात, म्हणजे ९६ लाख बघायचे, ३२ नाही. म्हणून वडील आणि मुलगा यांच्या ६४ लाखांवर ६४ हजार कापायचे, दोघांचे फॉर्म २६क्यूबी (हा टीडीएस भरायचा फॉर्म) वेगळे. तुम्ही नवरा-बायको दोघं घेत असाल तर प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा अशा जोडीचा वेगळा फॉर्म. पैसे दिले तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा.
मुलीच्या हिश्शाला हा नियमच लागत नाही, ५० लाखांची मर्यादाही नाही. तिच्याकडे आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर तुम्ही पूर्ण ३२ लाखांवर कापणंच तुमच्या दृष्टीने सुरक्षित. साडेबारा टक्के आणि वर सेस, मिळून १३ टक्के, म्हणजे ४ लाख १६ हजार. त्यासाठी तुम्हाला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागेल. नाही कापलात तर आयकर खातं तिच्यामागे जाण्याआधी तुमच्यामागे येईल. आईने १९९४ मध्ये घेतलेला फ्लॅट म्हणजे १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्यामुळे तिचा खरा कर कदाचित बराच कमी होईल. म्हणून तिने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्याला काही आठवडे लागतात. पैसे तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं इथलं रुपयांचं खातं) द्या, भावाच्या खात्यात नको.

कर्वेनगरकर :
एवढं कशाला? बहिणीचं आणि वडिलांचं हक्कसोडपत्र मुलाच्या नावाने करून घ्या. स्टॅम्प नाममात्र. मग विकणारा एकच, टीडीएस १ टक्का. सगळे असंच करतात.

आकडेवाली :
बहिणीला खरंच काही नको असेल तर उत्तम, तो स्वच्छ मार्ग आहे. पण तिला ३२ लाख हवे असतील, तर हक्कसोडपत्रानंतर ते मागायचा तिला कायदेशीर अधिकार राहत नाही. भाऊ नंतर देईल या भरवशावर तिने सही करायची का, हे तिचं तिने ठरवावं. आणि ऐंशीच्या पुढच्या वडिलांना शेवटचा हिस्सा सोडायला लावणं मला तरी पटत नाही. उद्या औषधपाण्यालाही मुलाकडे हात पसरावा लागेल.

जुना_कारकून :
आकडेवालींशी सहमत. हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चालत नाही. बहिणीला येणं जमत नसेल तर तिने कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं, किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा तिथला सरकारी शिक्का) घ्यावं. मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात या फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि 'विक्री करणे, सही करणे, नोंदणीसाठी हजर राहणे' हे स्पष्ट हवं. मोघम मुखत्यारपत्रावर बँक परत अडवेल.

पूर्वाभिमुख :
मुख्य दार कोणत्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर हे अडथळे येणारच. आधी तज्ज्ञ बोलावून बघा.

सुलेखा_ठाणे :
मधुराताई, फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर घेणार का? पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो सेस धरून ७ टक्के आहे, फक्त महिलेच्या नावे खरेदी असेल तर १ टक्का सूट. ९६ लाखांवर ९६ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट जाते. नोंदणी फी ३० हजार, त्यात फरक नाही. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो का ते बँकेला विचारून घ्या. आणि सोसायटीने हस्तांतरासाठी भरमसाट प्रीमियम मागितला तर देऊ नका, महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही.

घरकुल_नाशिक :
सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात निम्मे लोक अपार्टमेंटलाही सोसायटीच म्हणतात. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट बघावं लागतं आणि सहकार कायद्यातलं नॉमिनीचं कलमही लागत नाही.

मधुरा_पौडरोड :
सोसायटीच आहे, शेअर सर्टिफिकेट पाहिलंय. आईंच्या नावाचं. १९९४ चा करार मात्र झेरॉक्सच दाखवला.

घरकुल_नाशिक :
मूळ करार कुठे आहे ते आजच विचारा. दुसऱ्या बँकेत तारण असू शकतो. हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीची नक्कल, हे तिन्ही मालकाने करायचं, तुम्ही नाही. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश) बघा. जुनी वर्षं तिथे सापडत नसतील तर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या.

मधुरा_पौडरोड :
काल आजोबांना भेटले. चहा केला त्यांनी स्वतः. त्यांना विकण्याबद्दल माहीत होतं, विरोध नाही. पण आपला हिस्सा आपल्याच खात्यात यावा असं ते म्हणाले, आणि दिवाळी या घरात करायची आहे. मूळ करार त्यांच्याच कपाटात निघाला, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्रही त्याला जोडलेलं आहे. दादांना फोन केला तेव्हा ते आधी चिडले, मग बहिणीशी बोलतो म्हणाले. बँकेचे वकील म्हणतात की तिघांच्या सह्या, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि जाहीर नोटीस एवढं झालं की ते रिपोर्ट बदलतील. म्हणजे दुसऱ्या बँकेत जायची गरज नाही.
दसऱ्याचं कसं करायचं? माझ्या सासूबाईंनी मुहूर्त धरलाय.

जुना_कारकून :
दसऱ्याला विसार पावती नव्याने करा. तिघं विकणारे म्हणून, आधीचे दोन लाख त्यात दाखवून, आणि टायटल (मालकी हक्क) स्वच्छ न निघाल्यास विसार परत करण्याची अट स्पष्ट लिहून. बहिणीची सही मुखत्यारपत्र आल्यावर घ्या, तोपर्यंत तिची संमती ईमेलवर असू द्या. साठेखत दिवाळीनंतर. ताब्याची तारीख त्यातच लिहा, आजोबांना किती दिवस राहायचंय ते त्यांना विचारून.

आजोळ_कोथरूड :
सासूबाईंना सांगा, पाडव्याचाही मुहूर्त असतो. २२ ऑक्टोबर.

घरकुल_नाशिक :
पाडव्याला नोंदणी कार्यालय बंद असतं.

मधुरा_पौडरोड :
आजोबांना जिना उतरवत नाही. सहीला कार्यालयात न्यावंच लागेल का?

जुना_कारकून :
नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून त्याच दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करा. वेगळी फी असते, अधिकारी घरी येऊन सही, फोटो आणि अंगठा घेतात. प्रमाणपत्रात ते शुद्धीत आणि समजून सही करू शकतात हे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कोकणमेवा :
माझा वेगळा धागा काढला आहे, कृपया बघा.