सगळ्या क्लोजरांवर चालणारी डेटाबेस लायब्ररी: मेंटेनर आळशी आहेत का?

कंसवाला: क्लोजर ही प्रोग्रामिंगची भाषा जावाच्या जेव्हीएमवर चालते, तशी नोडवर (जावास्क्रिप्टवर) आणि बाबाश्कातही. एक डेटाबेस लायब्ररी नोडवर चालत नाही म्हणून इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला, मेंटेनरनं (ती सांभाळणाऱ्यानं) दोन ओळीत बंद केला. अरे, क्लोजर १.७ पासून, म्हणजे २०१५ पासून, रीडर कंडिशनल आहेत, म्हणजे एकाच फाइलीत प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा कोड. सीएलजेसी (.cljc) फाइल करा, विषय संपला. निव्वळ आळस.

सातरस्ता: नाव घेतलं नाहीस, पण लायब्ररी माझीच, हे इथं सगळ्यांना ठाऊक हाय. गप्प बसणार होतो, "आळस" वाचून डोकं फिरलं. फाइलचं एक्स्टेन्शन बदललं की डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर बदलतो का बे? जेव्हीएमवर जेडीबीसीला क्वेरी दिली की थ्रेड तिथंच थांबतो आणि रो हातात येतात. नोडवर प्रॉमिस येतं, म्हणजे उत्तर नंतर देण्याचा वायदा, आणि ते आलं की वरचं प्रत्येक फंक्शन उकलून परत बांधायचं. बाबाश्कात पोस्टग्रेस डेटाबेसला पॉड, म्हणजे प्रोसेसच वेगळी. बिगइंटचं, म्हणजे मोठ्या पूर्णांकाचं, तर विचारूच नको. जेव्हीएमवर लाँग, म्हणजे आकडाच, नोडच्या पीजी ड्रायव्हरात स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. एका गिऱ्हाइकाचं बिल सापडेना, प्रिंट केलं तर नंबर अगदी बरोबर! स्ट्रिंगची अवतरणचिन्हं प्रिंटमध्ये दिसतच नाहीत ना. रात्र गेली त्यात.

कंसवाला: मग हनीएसक्यूएल लायब्ररी कशी चालते दोन्हीकडं?

सातरस्ता: ती डेटाबेसशी बोलतेच कुठं? मॅपमध्ये मांडलेली क्वेरी घेते, एसक्यूएल आणि पॅरामीटर देते. तेवढाच भाग सामायिक होऊ शकतो.

जुनाडीबीए: मुळात चादरीच्या कारखान्याचं बिलिंग असल्या भाषेत लिहावंच का? इथं सोलापुरात एमआयडीसीत एका पोरानं लिहिलं, पुण्याला नोकरी लागली, गेला. मालक अजून मला फोन करतो. पीएचपीत असतं तर गल्लीत माणूस मिळाला असता.

अक्कलकोटरोड: पगार किती देत होते त्याला, तेही लिहा की.

जुनाडीबीए: पगाराचा विषय काढू नका. सुताचे भाव बघितलेत का?

अक्कलकोटरोड: सुताला पैसे हाईत, पोराला न्हाईत! माझा भाऊ असाच गेला, आता दिवाळीला येतो. आणि लायब्ररीचंही तेच. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला तिकीट काढता, इथं फुकट घेऊन वर आळशी म्हणता.

जुनाडीबीए: पोरांना पुण्याची हौस असते, पगाराचं निमित्त. मी तीस वर्षं इथंच काढली.

अक्कलकोटरोड: तुमच्या वेळी घर वडिलांचं होतं, काका.

जुनाडीबीए: वैयक्तिक जाऊ नका.

कंसवाला: अहो, पगाराचा वेगळा धागा काढा! बरं बाबा सातरस्ता, ड्रायव्हर वेगळे राहू देत, तुम्ही थोर. पण "फक्त जेव्हीएम" एवढं रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, लिहायला काय झालं होतं?

सातरस्ता: दुसऱ्याच ओळीत हाय.

कंसवाला: ठळक नाही.

सातरस्ता: करतो ठळक. नोडचा ड्रायव्हर तू लिही, वेगळ्या रेपोत. टेस्टही तूच चालव. पीजीची नवी आवृत्ती आली की त्यावरचे इश्यू तुझ्या नावावर टाकतो.