रीडबॅक (ऐकलेली सूचना परत बोलून दाखवणं) असूनही लँडिंगच्या वेळी गोंधळ होतो कसा?

प्रश्न: पायलट प्रत्येक सूचना परत बोलून दाखवतो ना, मग एटीसीला (विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या कंट्रोलरना) चूक कळत कशी नाही?

उत्तर १: कळायला कंट्रोलरने ते नीट ऐकावं लागतं! १९८९ मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या कार्गो विमानाला २४०० फुटांवर यायला सांगितलं, 'टू फोर झीरो झीरो', पायलटने 'टू' म्हणजे दोन (two) ऐवजी 'पर्यंत' (to) समजून ४०० असा रीडबॅक दिला, कंट्रोलरने टोकलं नाही आणि विमान टेकडीवर आदळलं, चौघंही गेले. फार वाईट वाटतं वाचून.

उत्तर २: त्यात दोघं एकदम बोलले की रेडिओची फ्रिक्वेन्सी ब्लॉक होते, कुणाचंच नीट ऐकू येत नाही; आणि कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) सारखी असली की भलताच पायलट उत्तर देतो.

उत्तर ३: शंका आली तर 'से अगेन' (पुन्हा सांगा) म्हणायचंच, अप्रोचमध्ये (लँडिंगसाठी खाली येताना) कितीही घाई असली तरी.