'संधी खर्च' म्हणजे संधीवर केलेला खर्च का?

दुधीहलवा: भाच्यासाठी अर्थशास्त्राची टिपणं मराठीत करतेय. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचं १८१७ सालचं प्रसिद्ध उदाहरण: ठरावीक कापडाला इंग्लंडात वर्षभर १०० माणसं लागतात, वाइनला १२०. पोर्तुगालात कापडाला ९०, वाइनला ८०. दोन्हींत पोर्तुगाल वरचढ, तरी त्यानं वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं. 'पोर्तुगालला वाइनमध्ये तुलनात्मक लाभ आहे' (म्हणजे कापडाच्या मानानं वाइन करणं त्याला जास्त परवडतं) असं लिहिलं, तर भाचा विचारतो, "नफा किती?" 'संधी खर्च' (opportunity cost, म्हणजे एक निवडलं की त्यापायी सोडावं लागतं ते दुसरं) तर त्याला प्रवेश फी वाटते. दुसरे शब्द सुचवा.

जुनापुराणा: आधी 'तौलनिक' लिहा. आणि फारसीतून आलेला 'खर्च' कशाला? 'वैकल्पिक परिव्यय' आहे की.

चहाबाज: बीकॉमला हा शब्द पाठ केला होता. मला तो ऑप्शनला टाकायचा धडा वाटायचा.

कात्रीवाली: अडचण फारसीची नाहीच हो. खर्च म्हणजे खिशातून गेलेलं. इथं जात काहीच नाही, यायचं ते राहतं. घडणावळ, धुणावळ तशी 'मुकणावळ' म्हणा.

जुनापुराणा: घडणावळ सोनार घेतो. मुकणावळ कोणाला द्यायची?

कात्रीवाली: कोणालाच नाही! तीच तर गंमत.

दुधीहलवा: वापरून बघते. वाइनच्या ८० माणसांत पोर्तुगालचं ८/९ कापड झालं असतं, इंग्लंडच्या १२० माणसांत १.२. म्हणजे वाइनची मुकणावळ पोर्तुगालात कमी. अरे, बसतंय की!

चहाबाज: पण रिकार्डोनं माणसांचे श्रम मोजले होते. व्यापाराच्या सिद्धांतात संधी खर्चाची मांडणी अर्थशास्त्रज्ञ हाबर्लरची, १९३० च्या दशकातली. मुकणावळ रिकार्डोच्या तोंडी घालू नका.

काळीमाती: नवा शब्द कशाला? आमचे चुलते सोयाबीन विकून आले की बी, खत, फवारणी, मजुरी असा हिशेब मांडायचे. आजी कोपऱ्यातून विचारायची, "अन् जमीन खंडानं दिली असती तर?" म्हणजे भाड्यानं. चुलते गप. हमीभावाच्या भांडणात सी-टू (C2) नावाचा उत्पादन खर्च म्हणतात ना, त्यात घरच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचं व्याज धरतात. आजी शाळेत गेली नव्हती, पण सी-टूवाली होती.

वऱ्हाडी_ठेचा: खंड? आमच्याकडे 'मक्त्यानं' देतात.

काळीमाती: मक्ता टोलनाक्याचा असतो, जमिनीचा खंड.

जुनापुराणा: दोन्ही चूक. 'खंड' म्हणजे तुकडा.

चहाबाज: मग खंडणी म्हणजे छोटा तुकडा का?

दुधीहलवा: 'लाभ'चं काय करू? 'सरसपणा' चालेल का? भाच्याची परीक्षा सोमवारी आहे.

वऱ्हाडी_ठेचा: टोलनाक्याचा 'ठेका' असतो, मक्ता नाही.