अंतरा बंद केलं, पाळीचा पत्ता नाही

मुलगी बालवाडीत गेली, दुसरं मूल हवंय म्हणून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवलं. आता कधी नुसते डाग, कधी पाळीच गायब. सासूबाई म्हणतात, 'सुईनं कूस बांधली.' खरं असतं का हो?

— छे गं! त्यात डीएमपीए नावाचं हार्मोन असतं. एका सुईचा असर ३ महिने, पण ते अंगातून सावकाश ओसरतं. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने जातात. गर्भनिरोधक गोळ्या सोडल्यावर एवढं थांबावं लागत नाही.

— पाळी नसली तरी दिवस राहू शकतात हं. आशाताईंकडून निश्चय किट घे, दिवस राहिलेत का ते घरीच तपासायचं.

— घेतलं, एकच रेघ, म्हणजे दिवस नाहीत. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासायला सांगितलंय. सासूबाईंना हे आशाताईंनीच समजावलेलं बरं, माझं कोण ऐकतंय!