मदत हवी आहे : आडत दुकानातल्या डेस्कटॉपची हार्डडिस्क ‘कॉशन’ (सावधानतेचा इशारा) दाखवायलीय, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आत अडकलाय

सेलूकर : राम राम मंडळी. असेंबल्ड मशीन, आय-३, विंडोज १०, ३.५ इंची १ टीबी डिस्क. आठ दिवसांपासून टॅली उघडायला पाच-पाच मिनिटं लागायलीत. मधेच सगळं गोठतं आणि डिस्कचा दिवा लागूनच राहतो. टकटक आवाज नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळा ‘कॉशन’ आलाय. त्यातल्या नोंदींच्या रॉ व्हॅल्यू (मूळ आकडे) : ०५ समोर १०, ०९ समोर ४ए३८, सी५ आणि सी६ समोर ७८, सी७ समोर १ए. तापमान ५१. यूपीएसची बॅटरी बसलीय, लाईट गेली की मशीन धाडकन बंद. इथला मिस्त्री म्हणतो विंडोजची डिस्क तपासायची चेकडिस्क आज्ञा मारू, नाही जमलं तर फॉरमॅट. मारू द्यावी का? की केबल बदलून भागेल?

मांजराकाठ : भाऊ, आधी मशीन बंद करा. चेकडिस्क अजिबात नको. ती फाइल सिस्टीम (फायलींची मांडणी) नीट करते, डिस्क नाही. ‘आर’ पर्याय लावून मारली तर कोपरा न् कोपरा वाचत बसते. जिथं वाचता येत नाही तिथं डिस्कचं वाचणारं डोकं पुन्हा पुन्हा त्याच जागी आपटतं आणि वर तुटक्या नोंदी कापून टाकते. डेटा बाहेर काढल्यावर हवी तेवढी मारा.

तुमचे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज असं जाऊन दशमान निवडलं की खरं दिसतं. ०९ मधले ४ए३८ म्हणजे डिस्क १९,००० तास चालली, म्हणजे दुकानाच्या वेळेनं सहाएक वर्षं. सी५ मधले ७८ म्हणजे १२० सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता न आल्यामुळं ताटकळलेले. आतला खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असेल तर ५१२ च्या हिशोबानं हा आकडा आठ-आठनं वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात १५ जागा, जेमतेम ६० केबी. ०५ मधले १० म्हणजे १६ सेक्टर राखीव जागेत हलवून झालेत. गूगलनं २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कांवर निबंध काढला होता. त्यात डिस्क स्वतःला तपासताना पहिली चूक (स्कॅन एरर) सापडल्यावर ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली आढळली. तेव्हा पुढच्या हंगामावर ढकलू नका.

केबलचं म्हणाल तर सी७ हा केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, तुमचा २६. तो वाढतो, कमी कधीच होत नाही, त्यामुळं हे २६ जुनेही असतील. साटा केबल स्वस्त आहे, बदलून टाका. पण सी५ चा केबलशी संबंध नाही, तो तबकडीचा, डोक्याचा किंवा लाईट जाताना अर्धवट लिहिल्याचा दोष.

सेलूकर : मग डेटा काढायचा कसा? कॉपी-पेस्ट केलं तर मधेच अडकतंय.

खामकाठ : टॅलीची कंपनी म्हणजे आकडी नावाचं एक फोल्डर. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटा पाथ लिहिलेला असतो. ते फोल्डर सहसा लहानच असतं. पण विंडोज त्याच डिस्कवरून चालू करून कॉपी करू नका, विंडोज मागून सतत लिहीत राहतं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर काही न बसवता तिथूनच चालणाऱ्या) मशीन चालू करा, जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडा आणि आधी ते फोल्डर उचला. जिथं अडेल तिथं हट्ट करू नका.

मग पूर्ण डिस्कची प्रत. नवी डिस्क २ टीबीची घ्या, म्हणजे इमेज (पूर्ण डिस्कची एका फाइलीतली प्रत) ही मावते आणि काढलेल्या फायलीही. खराब डिस्कची प्रत काढणारं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. पहिली फेरी ‘एन’ पर्यायानं : सोपं ते सगळं उचलतं, खराब भाग खरवडत बसत नाही. दुसरी फेरी ‘डी’ आणि ‘आर ३’ नं, उरलेल्या तुकड्यांवर तीन प्रयत्न. मॅपफाइल (काय वाचलं, काय उरलं याची नोंद) दोन्ही वेळी तीच द्या आणि नव्या डिस्कवरच ठेवा. मधे लाईट गेली तर त्या फाइलीवरून काम पुढं चालू होतं. आधी स्रोत, मग ठिकाण, हा क्रम उलटला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. म्हणून एंटर मारण्याआधी दोन्ही डिस्कांचे सिरीयल नंबर स्टिकरवरून ताडून पाहा. चांगली १ टीबी डिस्क १०० एमबीच्या वेगानं पावणेतीन तासात वाचून होते. तुमच्याला रात्र लागेल. तोवर डिस्कसमोर टेबलफॅन लावून ठेवा.

मधेच टकटक सुरू झाली तर तिथंच थांबा. ते डिस्कचं डोकं बिघडल्याचं लक्षण, पुढचं क्लीन रूमवाल्याकडं (धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्याकडं). फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, आत दव धरतं. डिस्कवरच्या बारीक श्वासभोकावर स्टिकर चिकटवू नका.

गोदातीर : ५१ अंश हा मे महिन्याचा दोष म्हणून सोडून देऊ नका. परभणीत बाहेर ४३ असलं तरी पुढून हवा खेचणारा पंखा असेल तर डिस्क त्यापेक्षा थोडेच अंश वर राहते. आडत दुकानात कापसाचे तंतू आणि सोयाबीनची धूळ एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीवर नमद्यासारखी बसते, ती ब्रशनं काढा. एसएमपीएसही मोजा : पिवळी तार ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल तार ४.७५ ते ५.२५. भार असताना मोजा, रिकाम्यावर सगळेच बरोबर दिसतात.

आणि यूपीएस. ६०० व्हीएमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अॅम्पिअर-तासाची बॅटरी असते. तापलेल्या खोलीत तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. नवी टाकल्यावर आठ तास चार्ज होऊ द्या, मग ६० वॉटचा बल्ब लावून मेन बंद करून पाहा. संगणक लावून तपासू नका. दुकानात इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं.

सेलूकर : काढून झालं तर जुनी डिस्क कशाला वापरता येईल? आणि नवीन म्हणून एसएसडीच घेऊ का?

मांजराकाठ : इमेजमधून टॅलीची कंपनी उघडते, मागच्या तारखेचं व्हाउचर दिसतं, एवढं पाहिल्याशिवाय जुनीला हात लावू नका. मग तिला क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. तो सगळीकडं शून्य लिहितो. सी५ शून्यावर आला आणि ०५ सोळावरच राहिला तर ते सेक्टर लाईट जाताना अर्धवट लिहिले गेले असावेत. ०५ वाढला तर तबकडी खरंच खराब. पहिलं निघालं तरी तिच्यावर सिनेमे ठेवा, हिशोब नको.

एसएसडी घ्या, विंडोज आणि टॅलीसाठी उत्तम. पण ती जाताना बहुतेक वेळा काहीच न सांगता जाते, म्हणून बॅकअप साध्या हार्डडिस्कवर. दोन डिस्का, आळीपाळीनं मंगळवारी आणि शुक्रवारी, एक घरी एक दुकानात. महिन्याला एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा.

सेलूकर : ठीक. २ टीबी डिस्क आणि केबल आज आणतो. मिस्त्रीला फॉरमॅट करू देत नाही.

खामकाठ : पहिली फेरी झाली की मॅपफाइलमध्ये किती बाइट उरलेत ते इथं टाका. शंभर केबीच्या आत असतील तर दुसरी फेरी लगेच लावू. मेगाबाइटमध्ये असतील तर आधी विचारा.