बाहेरच्या सपोर्टला कारखान्याच्या नेटवर्कमध्ये कसे घ्यावे?

शिरोलीकर (प्रश्न)
कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीचे हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतील घटक तपासणाऱ्या यंत्राचा) विंडोज ७ वरील संगणक आणि धातू कापणारे संगणकीकृत व्हीएमसी मशीन हे सारे एकाच नेटवर्कवर आहे. टॅलीचे काम पाहणाऱ्यांना रिमोट डेस्कटॉपसाठी (दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजमधील सोयीसाठी) राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचा क्रमांकित दरवाजा, उघडून हवा आहे. स्पेक्ट्रोमीटरच्या पुण्यातील इंजिनिअरांनी एनीडेस्क या दुरून संगणक हाताळण्याच्या प्रोग्रामला कायमचा पासवर्ड लावून ठेवण्यास सांगितले आहे. नमुन्याचा रिपोर्ट अडकला तर भट्टीतला वितळलेला माल तसाच धरून ठेवावा लागतो, त्यामुळे मदत तत्काळ मिळाली पाहिजे, हे मालकांचे म्हणणे रास्तच आहे. पोर्टचा क्रमांक बदलला तर पुरेसे होईल का?

उद्यमनगरवाला
होणार नाही. इंटरनेटवरचे पत्ते आणि पोर्ट सतत धुंडाळणारे प्रोग्राम क्रमांकावर विसंबत नाहीत. पलीकडून येणाऱ्या उत्तरावरूनच ते रिमोट डेस्कटॉप ओळखतात. मे २०१९ मध्ये जाहीर झालेली रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप ही त्रुटी विंडोज ७ मध्येही होती, आणि ती इतकी गंभीर ठरली की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट कधीच थांबवलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. राउटरवर पोर्ट उघडू नका, राउटरला आपोआप पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी ही सोय बंद करा. टॅलीवाल्यांना व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेने, येऊ द्या. आपला राउटर वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार चालवत असेल तर उत्तमच. मात्र त्यातून त्यांना टॅलीच्या सर्व्हरपर्यंतच पोहोचता यावे.

गोकुळ शिरगाव
एनीडेस्क वापरण्यास हरकत नाही, कायमचा पासवर्ड मात्र मुळीच लावू नये. तो ज्याला ठाऊक आहे तो सोमवारच्या सुट्टीतही आपल्या नकळत आत येऊ शकतो, आणि त्यांच्याकडची नोकरी सोडून गेलेल्यालाही तो पाठ असतो. काम निघेल तेव्हा आपल्या माणसाने आपल्याकडे नोंदवलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, मगच प्रोग्राम सुरू करावा, स्क्रीनवर आलेली विनंती स्वीकारावी आणि काम संपेपर्यंत तेथून उठू नये. फाइल पाठवण्याची परवानगी एरवी बंदच असावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून प्रोग्राम अस्सल असल्याची खूण असलेले डिजिटल प्रमाणपत्र बदलले होते. म्हणून कोणाच्या पेनड्राइव्हवरची जुनी प्रत चढवू देऊ नका.

शिरोलीकर
रात्रपाळीला मी नसतो. शिवाय व्हीपीएनसाठी टॅलीवाले सर्व मुलांना मिळून एकच लॉगिन मागत आहेत.

उद्यमनगरवाला
रात्रपाळीच्या सुपरवायझरांना तेवढे शिकवता येते. विंडोज ७ च्या संगणकाला २०२० पासून सर्वसाधारण सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, आणि स्पेक्ट्रोमीटरचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल तर तो बदलताही येत नाही. तेव्हा तो वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कच्या स्वतंत्र केलेल्या भागात) टाकून टॅलीकडे जाणारी वाट फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कमधील ये-जा रोखणाऱ्या यंत्रणेवर, अडवावी. याला बगल देऊ नका, कारण एनीडेस्कमधून कोणी शिरलेच तर ते त्या एका संगणकापुरते राहील.

एकच लॉगिन मान्य करू नये. उद्या काही बिघडले तर कोणी काय केले हे नोंदींवरून सांगताच येणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनाही लॉग (या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. प्रत्येकाच्या नावाचे स्वतंत्र खाते, त्यावर मोबाइलवरचा दुसरा कोड आणि माणूस बदलल्यास त्याच दिवशी कळवण्याची अट, एवढे एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात लिहून घ्या. टॅलीवाले कुरकुर करतील. एएमसीचे बिल थकलेले नसेल तर ऐकतीलही.