नागपूरच्या थंडीत परसातील केळी कशी जपावी?

त्रिमूर्तीनगरकर (प्रश्न)
आमच्या घरामागे उत्तरेच्या कुंपणालगत केळीची चार झाडे आहेत. तीन ‘जी-नाईन’ (ग्रँड नैन) या जातीची असून जूनमध्ये लावलेली आहेत. चौथे जुने देशी झाड आहे आणि त्याने नुकतेच केळफूल टाकले आहे. पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली उतरू लागल्यापासून लहान झाडांची खालची पाने कडेने पिवळी पडत आहेत आणि नवा पोंगा (गुंडाळलेले कोवळे पान) उलगडायचा थांबला आहे. इंग्लंडमध्ये राहणारे माझे मेहुणे हिवाळ्याआधी केळीची सगळी पाने कापून खोडाभोवती गवताचा जाड थर बांधतात, आणि मीही तसेच करावे असा त्यांचा आग्रह आहे. आपल्याकडे हे योग्य ठरेल का?

परसबागप्रेमी
कृपया पाने कापू नका. मेहुण्यांकडे पाणी गोठवणारी थंडी हिवाळ्यात वारंवार पडते. तिथे पाने जाणारच हे गृहीत धरून खोड आणि कंद वाचवले जातात. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी किमान तापमान 3.5 अंशांपर्यंत घसरले होते, तरी अशा रात्री विरळाच, आणि दुपारी भर हिवाळ्यातही पारा 27-28 अंशांवर जातो. त्या उन्हात अर्धे हिरवे पानही झाडाला अन्न पुरवते, म्हणून पूर्ण वाळलेले पान तेवढे काढावे. केळीची वाढ साधारण 16 अंशांखाली मंदावते आणि 10 अंशांच्या आसपास नवे पान येणे जवळजवळ थांबते, तेव्हा पोंगा अडकला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मुख्य गोष्ट अशी की, आपण ज्याला खोड म्हणतो ते एकमेकांना घट्ट लपेटलेल्या पानांच्या देठांचे बनलेले असते. फुलोऱ्याची तयारी सुरू होईपर्यंत झाडाचा खरा वाढीचा कोंब जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर असतो. त्यामुळे तुमच्या तीन लहान झाडांना उबेची गरज बुंध्याशी आहे. धानाचे तणस किंवा केळीचीच वाळलेली पाने वीतभर जाडीने आळ्यात पसरा, मात्र ती खोडाला चिकटू देऊ नका, नाहीतर उधई लागते.

रामटेककडील शेतकरी
वरील उत्तराशी मी सहमत आहे. पाणी आणि वारा या दोन गोष्टींची भर घालतो. हिवाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, शिवाय ओलसर जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा अधिक काळ धरून ठेवते. म्हणून कडाक्याची थंडी असेल त्या रात्री आळ्यात बेताचे पाणी द्यावे. गच्चीवरील टाकीत रात्रभर गार झालेले पाणी सकाळी सोडू नये. आपली काळी माती ओल फार दिवस धरते, त्यामुळे रोजच्या रोज पाणी दिल्यास थंडीपेक्षा मुळे कुजण्याचेच भय अधिक. वरचा थर उकरून पाहावा आणि मातीचा गोळा वळत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

तुमची झाडे उत्तरेच्या कुंपणाला आहेत आणि थंड वारा तिकडूनच येतो. आम्ही त्या बाजूला पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) कुड उभा करतो. शहरात हिरवी जाळी दुहेरी करून बांधली तरी चालेल. केळफूल टाकलेल्या झाडाकडे मात्र विशेष लक्ष द्या. फण्या उलगडल्यावर घडाला खालून उघडी, भोके पाडलेली पॉलिथिनची पिशवी चढवावी आणि दांड्याला काठीचा आधार द्यावा. थंडीत घड भरायला वेळ लागतो, त्यामुळे तो घाईने उतरवू नका.

त्रिमूर्तीनगरकर
आपणा दोघांचे मनापासून आभार. उरलेल्या प्लास्टिकने लहान झाडे रात्रीपुरती झाकली तर चालेल का? शिवाय, पाने पिवळी पडण्यामागे करपा (पानांवर ठिपके पाडणारा बुरशीजन्य रोग) असेल तर तो ओळखावा कसा?

परसबागप्रेमी
प्लास्टिक पानाला टेकते तिथे पान हमखास काळे पडते, आणि सकाळी काढायचे राहिले तर आत वाफ कोंडून दुपारी पाने भाजतात. त्याऐवजी चार बांबूंवर गोणपाट टाका आणि ऊन येताच ते काढा. करप्यात पानाच्या शिरांना समांतर बारीक पिवळट रेघा दिसतात. पुढे त्यांचे तपकिरी, मध्ये राखाडी असे लांबट ठिपके होतात. असे ठिपके असतील तर तेवढा भाग कापून नष्ट करा, आळ्यात आच्छादन म्हणून टाकू नका. ठिपके नसून पान नुसते कडेने पिवळे पडत असेल, तर तूर्त थंडीच समजा. युरियाचा हप्ता फेब्रुवारीत नवा पोंगा हलू लागल्यावर द्यावा.